थोडी सोय, थोडी सवय

सकाळी साडेसहापासून मोबाईलवर गुलाबाची फुलं यायला लागतात. फुलांवर अक्षरं असतात : आनंदी राहा, समाधानी राहा, देवाचे आभार माना. पाठवणारे साठीच्या पुढचे आणि वाचणारेही. ते वाचून कुणाचा दिवस बदलल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. गुडघा दुखतोय, मुलगा टोरंटोला आहे, समोरचा फ्लॅट वर्षभर बंद आहे आणि दुपारी दोन ते पाच हा वेळ खायला उठतो, अशा माणसाने नेमकं काय करायचं, हे त्या फुलावर लिहिलेलं नसतं.

ते इथे सांगायचा प्रयत्न करते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात इतकी वर्षं ऊठबस केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. म्हातारपणी मनाला समजावत बसून आनंद येत नाही. त्याची घरात, दिवसात आणि माणसांत सोय करून ठेवावी लागते. कृतज्ञतेचंही तेच. एकूण आयुष्याबद्दल कृतज्ञ व्हा म्हटलं तर कुणालाच काही वाटत नाही. कुणाबद्दल आणि कशाबद्दल, एवढं ठरलं की मात्र जमतं.

आधी एक दिलासा. वय वाढलं की माणूस किरकिरा आणि दुःखी होत जातो, हा समज अभ्यासात टिकलेला नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॉरा कार्स्टन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरापासून नव्वदीपर्यंतच्या लोकांच्या हाती पेजर दिले. तो दिवसातून पाच वेळा, कधीही वाजायचा आणि त्या क्षणी मनात काय चाललंय ते लिहायचं. असं आठवडाभर, मग पाच वर्षांनी पुन्हा, दहा वर्षांनी पुन्हा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं ते असं की वय वाढतं तसा मनाचा तोल सुधारत जातो. त्यांच्या मते, पुढे वेळ थोडा आहे हे जाणवलं की माणूस निवडायला शिकतो. नको ते समारंभ टाळतो, नको ते वाद सोडून देतो, आवडत्या चार जणांत बसतो. अमेरिकेचं सगळं आपल्याला लागू पडेल असं नाही. आपल्याकडे औषधपाण्याच्या खर्चाची धास्ती वेगळी आणि मुलांवर अवलंबून राहण्याची रीतही वेगळी. पण निवडायची मुभा आपल्यालाही आहे, आणि आपण ती फार कमी वापरतो.

दुसरा अभ्यास येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांचा, २००२ सालचा. ओहायो राज्यातल्या एका लहान गावातल्या ६६० लोकांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने बघणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. तब्येत, पैसा, एकटेपणा यांचा हिशेब धरूनसुद्धा. म्हणून मनात आणलं की आयुष्य वाढतं, असं कुणी समजू नये. पण "आता आमचं काय राहिलंय" हे जे वाक्य आपण येता-जाता टाकतो, ते तोंडातून कमी करायला हरकत नाही. नातवंडं ऐकत असतात. आपणही ऐकत असतो.

मनाच्या आधी कान

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ गप्पिष्ट होते. वर्ष-दोन वर्षांत गप्प गप्प झाले. रात्री सगळे जेवायला बसले की नातू काहीतरी बोलायचा, सगळे हसायचे, आणि हे क्षणभर उशिराने हसायचे, इतरांची तोंडं बघून. मग हसणंही थांबलं. ताट उचलून बेसिनमध्ये ठेवायचे आणि टीव्हीसमोर जाऊन बसायचे. घरच्यांनी निदान केलं : बाबा हल्ली तुटक वागतात, निवृत्ती मानवली नाही. कुणीतरी त्यांना ध्यानशिबिरात घातलं. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा दोन्ही कानांची श्रवणशक्ती बरीच कमी झालेली निघाली.

म्हणून पहिला सल्ला हा, आणि तो रुक्ष आहे. साठी उलटली की कानांची तपासणी करून घ्या. मोतीबिंदू "पिकेपर्यंत" थांबायची जुनी पद्धत आता राहिलेली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टींची यादी दिली. त्यात बहिरेपण आहे, उपचार न केलेली अधू नजर आहे आणि एकटं पडणंही आहे. तिन्ही एकमेकांत गुंतलेल्या आहेत, हे ऐकू न येणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

श्रवणयंत्र घेतलं की काम झालं असंही नाही. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज कानात घुसतो, पंखा घरघरतो, स्वतःचा आवाज परका वाटतो. इथेच बहुतेक यंत्रं कपाटाच्या खणात जातात. तसं होऊ देऊ नका. आधी घरात शांत वेळी तासभर लावा, मग वाढवा, आणि ज्याने यंत्र बसवलं त्याच्याकडे आवाज जुळवून घ्यायला पुन्हा पुन्हा जा. त्या गृहस्थांनी ते केलं. आता ते पुन्हा इतके बोलतात की घरच्यांना ध्यानशिबिराची आठवण येते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली आहे, जेवणावर वासना नाही, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतंय, तर हा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार असतात. कधी थायरॉइडचा घोटाळा असतो, कधी 'बी-१२' कमी पडलेलं असतं, कधी एखाद्या गोळीचा परिणाम असतो. अशा माणसाला "देवाने एवढं दिलंय, कृतज्ञ राहा" असं सांगणं क्रूरपणाचं आहे. डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दुपारी दोन ते पाच

सकाळ बरी जाते. फिरणं, पेपर, आंघोळ, पूजा, नाश्ता. संध्याकाळी कट्टा असतो. प्रश्न मधल्या वेळेचा. निवृत्त पुरुषाला तो जास्त जाचतो, कारण घर कसं चालतं हे त्याला पस्तीस वर्षांत कधी कळलेलंच नसतं. मग तो फ्रिज उघडून कोथिंबीर का सडली याची चौकशी करतो. बायको वैतागते. तिला तर निवृत्ती कधी मिळालेलीच नाही; उलट घरात एक पूर्णवेळ निरीक्षक येऊन बसलेला असतो.

यावर उपाय म्हणून पुरुषांना "घरात मदत करा" असं सांगतात. मला हा सल्ला आवडत नाही. मदत करणारा विचारत राहतो : मीठ कुठे आहे, किती टाकू, हे कुठे ठेवू. त्यापेक्षा एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्या. आमच्या इमारतीतल्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी आधी घरखर्चाच्या हिशेबात लक्ष घातलं. काकू म्हणाल्या, "माझा हिशेब चाळीस वर्षं चुकलेला नाही, तुम्ही दुपारचा चहा करा." तेव्हापासून चार वाजताचा चहा त्यांचा. गॅलरीतल्या कुंडीत त्यांनी गवती चहा लावला. आलं किसायला वेगळी छोटी किसणी आणली. ती दुसऱ्या कुणी वापरलेली त्यांना चालत नाही. दूध नासलं तर तेच खाली जाऊन आणतात. आणि दार उघडं असतं. हळूहळू मजल्यावरच्या दोन एकट्या राहणाऱ्या बायका यायला लागल्या, कधी वॉचमन वर येतो, कधी शाळेतून आलेला एखादा मुलगा बिस्किटासाठी थांबतो. काकांना विचारलं की आनंदात आहात का, तर ते म्हणतील, साखर महाग झालीय. पण चारला पाच कमी असताना ते घड्याळाकडे बघतात.

त्या चहातून उचलण्यासारखं काय, तर वेळ ठरलेली आहे, काम पूर्ण त्यांचं आहे आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतंय. तुमचं काम वेगळं असेल. कुणी सोसायटीतल्या मुलांची दहावीची गणितं बघतो, कुणी कामावर जाणाऱ्या शेजारणीची मेथी निवडून देते, कुणी वाचनालयात जाऊन फाटक्या पुस्तकांना चिकटपट्टी लावतो. मात्र "वेळ मिळेल तसं करीन" असं म्हणू नका. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो, आणि म्हणूनच तो कशालाच मिळत नाही. वार आणि घड्याळ ठरवा.

थोडं करा, पण मनासारखं करा

जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस म्हातारपणाबद्दल बोलताना पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण देत असत. ऐंशीव्या वर्षीही तुम्ही इतकं उत्तम कसं वाजवता, असं विचारल्यावर रुबिनस्टाइन यांनी तीन युक्त्या सांगितल्या. आता मी थोड्याच रचना वाजवतो. त्यांचाच रियाज जास्त करतो. आणि जलद भाग येण्याआधीचा भाग मुद्दाम सावकाश घेतो, म्हणजे पुढचा वेग आहे त्याहून जास्त वाटतो.

तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात थोडी लबाडी आहे. ही तिन्ही सूत्रं आपल्या स्वयंपाकघरापासून डोंगरापर्यंत चालतात. पंचवीस पानांच्या पुरणपोळ्या आता होत नाहीत. नका करू. पुरण विकतचं आणा, पोळी स्वतः लाटा, चार जणांनाच बोलवा. भजनात वरचा सूर लागत नाही म्हणून मंडळ सोडून घरी बसलेल्या बायका मी पाहिल्यात. पट्टी दोन स्वरांनी खाली घ्या, पेटीवाल्याची काही तक्रार नसते. राजगड झेपत नसेल तर पर्वती आहे. तीही नको असेल तर सकाळच्या वेळी नदीकाठ आहे. मोठी कादंबरी डोळ्यांना जड जाते? ऐका. मुलांकडून फोनवर सोय करून घेता येते. ज्यांना मोठ्या अक्षरांत वाचायचंय त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर वाढवावं. कित्येक जण वर्षानुवर्षं डोळे बारीक करून वाचत राहतात आणि हे एका मिनिटाचं काम आहे.

इथे महर्षी कर्व्यांचं नाव घ्यायचा मोह होतो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते परदेशदौऱ्यावर निघाले. १९३६ मध्ये खेड्यांतल्या शाळांसाठी ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. १९४४ मध्ये समता संघ. वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. अशी उदाहरणं ऐकून काहींना हुरूप येतो, बहुतेकांना दडपण येतं. दडपण येणाऱ्यांनी त्यांना नमस्कार करावा आणि आपल्या कुंडीला पाणी घालावं. म्हातारपण ही शेवटची परीक्षा नाही की तिथेही पहिला नंबर काढावा.

फिरायची हौस असेल तर एसटीची आठवण करून देते. राज्यात ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना कोणत्याही वयात निम्मं तिकीट आहे. आधारकार्ड जवळ ठेवा. युरोपची सहल आयुष्यात एकदा होते, पण शेजारच्या तालुक्याच्या बाजाराला जाऊन, तिथे मिसळ खाऊन संध्याकाळी परत येणं महिन्याला होऊ शकतं. माझा कौल दुसऱ्या प्रकाराला आहे. औषधाची पुडी, पाण्याची बाटली आणि बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाची मानसिक तयारी, एवढं सामान पुरतं.

आभार कुणाचे, आणि कसे

आता कृतज्ञता. यावर वही लिहिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याला आधार आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी. तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला. स्नायूंचा दुर्धर आजार असलेल्या प्रौढांवरही त्यांनी असाच प्रयोग केला, तेव्हा झोपेतही सुधारणा दिसली. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात असं आढळलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज लिहायला लागलं की तो गृहपाठ होतो, हे कुठल्याही शाळामास्तराने सांगितलं असतं.

तेव्हा रोजच्या वहीचा हट्ट नको. एक वार धरा. काय लिहावं? "कुटुंब, आरोग्य, देव" असं लिहिलं तर दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडेल, कारण त्यात नवीन काही येत नाही. असं लिहा : "मंगळवारी बँकेत पासबुक छापायचं यंत्र बंद होतं. खिडकीतल्या मुलीने रांग थांबवून मला खुर्ची दिली आणि स्वतः नोंदी करून दिल्या. तिच्या हातावर मेंदी होती." माणूस, प्रसंग आणि एक बारीक खूण. बारीक खूण लिहायची म्हणजे आठवडाभर डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि मला वाटतं वहीचा खरा फायदा तिथे आहे. हाताला कंप असेल तर लिहू नका, कुणाला तरी सांगा. आमच्याकडे दोन मैत्रिणी रविवारी रात्री एकमेकींना फोन करून तीन-तीन गोष्टी सांगतात; त्यात एक तक्रारही सांगायची मुभा ठेवलीय.

वहीपेक्षा मोठं काम म्हणजे ज्याचे आभार मानायचे राहिले त्याच्याकडे जाणं. मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ सालच्या अभ्यासात लोकांनी अशा एका माणसाला पत्र लिहून स्वतः नेऊन दिलं. तपासलेल्या उपायांत याने आनंद सर्वांत जास्त वाढला आणि तो महिनाभर टिकला. महिनाभरच, हेही लक्षात ठेवा. म्हणजे आणखी माणसं शोधावी लागतील.

आमच्या संघातल्या एका माणसाने हे केलं. ते लेथवर काम करायचे. शिकाऊ असताना त्यांच्या चुकीने एक महागडा जॉब बिघडला होता आणि फोरमनने तो स्वतःच्या नावावर घेतला होता. त्या गोष्टीला पन्नास वर्षं होऊन गेलेली. पत्ता शोधून हे त्या फोरमनच्या गावी गेले. शाल-नारळ नेला नाही, मुद्दाम. तो नेला की सत्कार होतो आणि बोलणं राहून जातं. ओट्यावर बसून त्यांनी प्रसंग सांगितला. फोरमनला काही आठवेना. "असेल, असेल," म्हणाले. त्यांना आठवत होतं ते भलतंच : हा पोरगा डब्यात रोज शेंगदाण्याची चटणी आणायचा आणि अर्धी मला द्यायचा. "तुझ्या आईची चटणी," म्हणाले, "आहे का रे ती?" आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग दोघं तिच्याबद्दलच बोलत बसले. परत आल्यावर आमचे गृहस्थ म्हणाले, गेलो होतो द्यायला, घेऊनच आलो.

घरातल्या माणसांच्या बाबतीत मात्र मराठी माणसाची पंचाईत होते. वाण्याला, रिक्षावाल्याला आपण "थँक्यू" म्हणतो; बायकोला म्हटलं तर ती विचारते, काय झालं, बरं वाटत नाही का? सुनेला म्हटलं तर नाटकी वाटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्याकडे जवळच्यांत आभार मानायची रीत वेगळ्या वाटांनी चालते. आमटी चांगली झाली हे सांगायचं तर पुन्हा वाटी पुढे करतात. सुनेचं कौतुक शेजारणीजवळ करतात, पण सून ऐकू शकेल एवढ्या अंतरावर. जावयाने गाडीतून दवाखान्यात नेलं तर पुढच्या वेळी त्याच्या आवडीचं भाकरी-पिठलं होतं. या वाटा चांगल्या आहेत, वापरा. फक्त एक सुधारणा सुचवते. नवऱ्याने पन्नास वर्षांत जे फक्त इतरांजवळ सांगितलं, ते एकदा बायकोला थेट सांगावं. आणि प्रसंगासकट सांगावं. "तू होतीस म्हणून निभावलं" हे सगळेच म्हणतात. "माझी बदली झाली त्या वर्षी दोन पोरांना घेऊन तू एकटी राहिलीस आणि मला एकदाही पत्रात कळवलं नाहीस की धाकटा आजारी होता", हे फक्त तुम्हीच म्हणू शकता.

कृतज्ञतेची सगळ्यात अवघड पायरी पुढे येते, जेव्हा आंघोळीला, जिन्याला, शौचाला मदत लागते. ज्यांनी आयुष्यभर दिलं त्यांना घ्यायला फार जड जातं. त्यातून मग मदतनीस बाईवर ओरडणं येतं. मी अशा घरांना एक सांगते : मावशींचे आभार बोलून मानण्याआधी पगारात माना. ठरलेल्या तारखेला पैसे, आठवड्याची सुट्टी, दिवाळीला बोनस, त्यांना बसायला खुर्ची आणि चहाचा वेगळा, टवका उडालेला कप नको. आणि ज्यांना मदत घ्यायची आहे त्यांनी एक-दोन कामं आपल्या हातात ठेवावीत, मग ती कितीही सावकाश होवोत. शर्टाची बटणं स्वतः लावायची असतील तर दहा मिनिटं लागू द्या. घरच्यांनी तेवढं थांबावं.

जे मागून मिळत नाही

मुलांनी कृतज्ञ असावं, ही अपेक्षा आनंदाला पोखरते. "आम्ही पोटाला चिमटा काढून शिकवलं" हे खरं असलं तरी ते ऐकवलं की समोरचा हिशेबाला बसतो, आणि मुलांच्या हिशेबात आपल्या चुका असतात. परदेशातल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर "जेवलास का, थंडी आहे का" यापुढे गाडी जात नसेल तर त्याला काहीतरी दाखवायला सांगा : तुझी खिडकी दाखव, फ्रिज दाखव, कामावर जायचा रस्ता दाखव. किंवा त्याला काही शिकवायला घ्या. काकडीची कोशिंबीर कॅमेऱ्यासमोर करताना जितकं बोलणं होतं तितकं खुशालीच्या फोनमध्ये होत नाही.

प्रेम आणि कागदपत्रं वेगळी ठेवलेली बरी. मृत्युपत्र साध्या कागदावरही करता येतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. राहतं घर हयातीत मुलांच्या नावावर करायची घाई करू नका. करायचंच असेल तर आमचा सांभाळ करावा ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या कलम २३ नुसार, अशी अट मोडली गेली तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं; दाद प्रांताच्या कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे मागायची. माहिती हवी असेल किंवा घरात छळ होत असेल तर 'एल्डरलाइन'चा १४५६७ हा मोफत क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. हा परिच्छेद आनंदाच्या लेखात कशाला, असं वाटेल. डोक्यावरचं छप्पर आपलं आहे या खात्रीशिवाय कुणाला गवती चहा सुचत नाही.

जोडीदार गेल्यावर मात्र वही, वेळापत्रक, सगळं काही काळ बाजूला राहू द्या. दुःखावर कृतज्ञतेचा लेप लावायची घाई नातेवाइकांना असते, "सुटले बिचारे" म्हणायची. तुम्हाला नसावी. रडा, चिडा, दोन कप चहा टाकून एक ओतून द्या. फक्त जेवण चुकवू नका आणि दार बंद करून घेऊ नका.

शेवटी समारंभांबद्दल. साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन हे आपल्याकडचे मोठे सोहळे. हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि सुमारे दहा महिने लागतात, म्हणजे आमंत्रणपत्रिका छापायला भरपूर अवधी असतो. हॉल, मंडप, दिव्यांनी ओवाळणं, पाहुण्यांची भाषणं, सगळ्यात उत्सवमूर्ती खुर्चीवर अवघडून बसलेली. मी सुचवते ते उलट. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी भरवतो, दसऱ्याला हत्यारं पुजतो, ज्यांनी काम केलं त्यांचा मान करतो. तसा तुमच्या दिवशी तुम्हीच माईक घ्या आणि ज्यांनी तुमचं आयुष्य ओढलं त्यांची नावं घ्या. डॉक्टर, शेजारी, तुमचा हिशेब जुळत नसताना थांबलेला सहकारी, बाळंतपण केलेली सुईण, पहिली नोकरी लावून देणारा. प्रत्येकासाठी दोन वाक्यं, जास्त नाही, नाहीतर जेवण थंड होतं. जे येऊ शकत असतील त्यांना गाडी पाठवून आणा, जे गेले असतील त्यांच्या मुलांना बोलवा. ही यादी हॉल ठरवण्याच्या वर्षभर आधी सुरू करा. जुने पत्ते बदललेले असतात, फोन लागत नाहीत, आणि कुणाची सून सध्या कुठे असते हे शोधायला दोन-तीन ठिकाणी चहा प्यावा लागतो.